पाठवणीची चाल

मास्तर गेले त्याच आठवड्यात चौकात त्यांचा फ्लेक्स लागला आणि माझं डोकं फिरलं. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली वाढदिवस असल्यासारखे हसणारे सात-आठ चेहरे, आणि मधे पोस्टाच्या तिकिटाएवढे मास्तर. ‘सोलापूरचा जाझ सम्राट’ असं लिहिलं होतं. ह्याच चौकातून हा माणूस उभा जन्म सॅक्सोफोन गळ्यात अडकवून वरातीच्या पुढं चालला. तेव्हा ह्या हसणाऱ्या तोंडांपैकी एकानंही त्यांना पाणी विचारलं नव्हतं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. फोटो आमच्या बँडच्या ग्रुप फोटोतून कापलेला होता. मास्तरांच्या खांद्यावर एक हात दिसतो, मनगटापर्यंतच. तो हात माझा. मला कापून टाकलं आणि हात तेवढा ठेवला.

मी तिथं उन्हात उभा राहून एकेक चेहरा वाचला. ह्याला काय पाहिजे असेल? नगरसेवकपद. ह्याला? गल्लीतली मतं. आणि ह्या तिसऱ्याला? तो तर आमच्या बँडचा मालक, ज्यानं मास्तरांना आयुष्यभर ‘तुमचं ते जाझबीझ घरी वाजवा’ म्हणून झापलं. त्याला आता काय सुचलं?

मी संशयी माणूस आहे, लपवत नाही. बायको म्हणते, ‘तुमच्यापुढं देव उभा राहिला तरी तुमी त्याला आधार कार्ड मागाल.’ पण हा माझा स्वभाव नव्हे, धंदा आहे. मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो, आणि बँडगल्लीत उमर काढलेल्या माणसानं कुणावर विश्वास ठेवला तर तो उपाशी मरायचा.

आमच्या गल्लीत बँडांची दुकानं भिंतीला भिंत लागून. लग्नसराईच्या आधी नव्या पिक्चरचं गाणं ज्याच्या बँडात आधी बसलं, सगळ्या सुपाऱ्या त्याच्या. पण बसवायचं कसं? दुकानात वाजवलं की पलीकडचा भिंतीला कान लावून उचलणार. म्हणून आमच्यात एक रीत होती, खोटी तालीम. दुकानात बसून गाणं वाजवायचं, पण दोन-तीन ठिकाणी मुद्दाम वाकडं. जिथं चढायचं तिथं उतरायचं. पलीकडच्यांनी उचललंच तर वाकडं उचलावं. खरं गाणं मालकाच्या घरी दारं-खिडक्या लावून, नाहीतर थेट वरातीत. एकदा पलीकडच्या बँडनं आमची खोटी चाल उचलून मंगळवेढ्याच्या एका वरातीत वाजवली. नवरदेवाचे दोस्त नाचता नाचता आधी एकमेकांच्या अंगावर पडले आणि मग बँडवाल्यांच्या अंगावर. आम्ही आठवडाभर पोट धरून हसलो. पुढं आम्हीच त्यांची खोटी चाल खरी समजून अक्कलकोटकडच्या लग्नात वाजवली आणि कानडीत शिव्या खाल्ल्या. तेव्हा ते हसले. फिट्टंफाट.

अशा गल्लीत मास्तर सॅक्सोफोन वाजवायचे.

माणूस इथलाच. घरात बोलणं दखनी, बाहेर आमच्यासारखी मराठी. तरुणपणी रेल्वे क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या एका म्हाताऱ्या गोवेकरानं त्यांना सॅक्सोफोन शिकवला आणि सोबत जाझ नावाचं खूळ डोक्यात भरून दिलं. मी एकदा विचारलं होतं, “जाझ म्हंजी काय वो मास्तर?” तर म्हणाले, “गाणं म्हंजी घर हाय बे. समदे दारातनं आत जातेत. आपण खिडकीतनं जायाचं. पण घर तेच.” हे मालकानं ऐकलं. म्हणाला, “खिडकीतनं चोर जातेत. तुमी गपगुमान दारातनं जावा. नवरदेवाचा मामा नाचायला हुबा हाय.”

मामा खूश झाला पाहिजे, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. त्यामुळं मास्तर वरातभर मामाचं वाजवायचे. नागीण म्हटलं की नागीण, कोळीगीत म्हटलं की कोळीगीत. पण एक वेळ अशी असायची, जेव्हा मामा नाचत नाही आणि कुणी फर्माईश करत नाही. पाठवणी. नवरी गाडीत बसायला निघाली की सगळे रडण्यात गुंतलेले. तेव्हा मास्तर ढोल-ताशाला हातानं ‘बस’ म्हणायचे, आणि एकटा सॅक्सोफोन सुरू व्हायचा. स्वतःची चाल होती ती, त्यांनी बांधलेली. सुरुवातीला एक लांब सूर, आणि मग ती पायरी पायरीनं खाली उतरत यायची. मी किती दगडासारखे बाप त्या चालीला फुटलेले पाहिलेत. बायका तर विचारूच नका.

आणि लोक काय विचारायचे? “कंच्या पिच्चरचं गाणं वो हे?” दरवेळी. कुणाच्या स्वप्नातही आलं नाही की ह्या झालरी लावलेल्या लाल कोटातल्या माणसानं हे स्वतः केलं असेल. मला राग यायचा. मास्तर हसून म्हणायचे, “पिच्चर यायचाय अजून.” लोक मान हलवून निघून जायचे.

आता माझं ऐका. मला ती चाल पाहिजे होती. मास्तर एखाद्या दिवशी आजारी पडले तर पाठवणीला कोण वाजवणार? मी. क्लॅरिनेटवर काय शोभली असती ती! म्हणून मी त्यांच्या बगलेत उभा राहून कान टवकारून ऐकायचो. एका लग्नात पाठ केली, घरी येऊन घोकली, आणि पुढच्या लग्नात बघतो तर मधलं सगळं वेगळं. सुरुवात तीच, शेवट तोच, मधला गाभा बदललेला. पुन्हा पाठ केली. पुन्हा बदलली. चार-पाच लग्नांनंतर माझी ट्यूब पेटली. खोटी तालीम! हा बाबा पाठवणीतसुद्धा खोटं वाजवतोय. आणि कुणापासून लपवतोय? माझ्यापासून.

कारणही मला लगेच सापडलं. माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, पलीकडच्या बँडात ट्रंपेट वाजवायचा. मास्तरांना वाटत असणार, ह्याला चाल दिली की रात्री जेवताना मेव्हण्याच्या ताटात पडली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ज्या माणसाचा सॅक्सोफोन मी पावसात माझ्या छत्रीखाली धरला आणि स्वतः भिजलो, तो माझ्यावर संशय घेतो? आमच्यात एकच संशयी माणूस होता आणि तो मी होतो. ती जागा मी कुणाला देणार नव्हतो.

दुसरी गोष्ट. लग्न लागायच्या दिवशी हा माणूस हमखास गायब व्हायचा. “पाणी पिऊन येतो बे,” म्हणून नवरीच्या घरात, नाहीतर कार्यालयात नवरीच्या खोलीबाहेर. पाणी प्यायला किती वेळ लागतो? आम्ही उन्हात घामानं थबथबलेलो आणि हे आत सावलीत. मला वाटलं, वेगळी बिदागी घेतो. नाहीतर जिलेबी. एकदा मी पाळत ठेवून मागोमाग गेलो. मास्तर ओट्यावर बसले होते, हातात पाण्याचा तांब्या, डोळे मिटलेले. आत बायकांचा नुसता गलका. मला बघून दचकले नाहीत, म्हणाले, “बस बे. ऐक.” काय ऐकू? आत कुणाची तरी पिन हरवली होती आणि कुणाची तरी आई बोंबलत होती. मी मनात म्हटलं, पकडले गेले म्हणून सारवासारव चाललीय.

विषय मी एकदाच काढला. बार्शी रोडच्या लग्नाहून परत येताना सहज सुचल्यासारखं म्हणालो, “मास्तर, आज मधलं येगळंच वाजवलं की.” ते म्हणाले, “आज पोरगी येगळी हुती.”

बघा! कसं टोलवलं! मी पुन्हा विषय काढला नाही. बँडगल्लीत चाल कुणी मागत नाही. चोरतात. आणि मला चोरता येत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात ऐन सीझनला मास्तर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्या जनाज्याला आमच्या बँडची सगळी माणसं डोक्याला रुमाल बांधून मागं चालली. वाजवायचं नव्हतं. रस्त्यानं मोकळ्या हातानं चालायची सवयच नाही आम्हाला. प्रत्येक जण हात कुठं ठेवावेत ह्या विचारात. मी रडलो, खूप रडलो, आणि रडता रडता मनात म्हणत होतो, घेऊन गेलात ना शेवटी चाल? मला दिली नाहीत ती नाहीच.

भाभींची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची, नवऱ्यामागं घरात बसायची चार महिन्यांची इद्दत संपल्यावर एक दिवस त्यांची पोरगी आमच्या घरी आली. मास्तरांना ही एकच. खाजगी दवाखान्यात नर्स आहे. निकाह ठरला म्हणाली. मी म्हटलं, चांगलं झालं. मग ती बोटांत ओढणीचं टोक गुंडाळत बसली आणि म्हणाली, “चाचा, अब्बा बोले थे, तेरी रुखसतकू मैंच बजाऊंगा बोलके. आता तुमीच वाजवायला पायजे. त्यांचीच चाल. दुसरं काय नक्को मेरेकू.”

सासरचे मोठे काका बाज्याच्या विरोधात होते. ह्या पोरीनं सासरशी भांडून मुभा मिळवली होती. रुखसतीला, म्हणजे पाठवणीला, एकच वाद्य, ढोल नाही, गाडीत बसेपर्यंतच. दागिन्यावरनं भांडली नाही, साडी-शालूवरनं भांडली नाही, ह्या एका चालीवरनं भांडली. लग्न मोडता मोडता राहिलं होतं, हे बायकोनं तिच्याकडून नंतर काढून घेतलं.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि ‘हो’ बाहेर पडलं. काय सांगणार होतो? की तुझ्या अब्बाच्या बगलेत जन्म काढला आणि त्यानं मला कधी खरं दिलं नाही? ती गेल्यावर मला वेगळीच शंका आली. हिला माहीत असेल का, की मला येत नाही? परीक्षा तर घेत नाही माझी? बायको म्हणाली, “तुमचं डोस्कं एकदा धुऊन वाळत घालायला पायजे.”

मी आधी मालकाकडं गेलो. बँडच्या निम्म्या दुकानात आता तो डीजेचे स्पीकर ठेवतो. म्हटलं, मास्तरांची पाठवणीची चाल तुमच्याकडं कुठं रेकॉर्ड केलेली आहे का? तो म्हणाला, “मला काय इचारतो? तूच त्यांच्या काखेत हुतास की.” पण हे बोलताना तो स्पीकरची वायर गुंडाळत होता, वर बघत नव्हता. मी ताडलं, ह्याच्याकडं आहे आणि हा लपवतोय. फ्लेक्स उगाच नाही लावला! दोन चकरा मारल्या, चहा पाजला, मास्तरांच्या फोटोसमोर शपथ घ्यायला लावली. नव्हतीच त्याच्याकडं. खरंच नव्हती. त्यानं ती कधी नीट ऐकलीच नव्हती, पाठवणीच्या वेळी तो नवरीच्या बापाला गाठायला गेलेला असायचा.

मग नाक मुठीत धरून मेव्हण्याकडं गेलो. दारात बघूनच तो म्हणाला, “आज कसं काय दाजी? काय पायजे?” संशय हा आमच्याकडं सासरमाहेर दोन्हीकडून आहे. तिथं त्याच्या बँडचा एक जुना साथीदारही बसला होता. मी विषय काढला तसे दोघं एकमेकांकडं बघून हसले. इतकी वर्षं ते लोक मांडवाच्या टोकाला माणूस उभा करून मास्तरांची पाठवणी चोरत होते! मला आत कुठंतरी अभिमानच वाटला. मेव्हण्यानं शिट्टीवर वाजवून दाखवली. सुरुवात बरोबर, शेवट बरोबर, मधे एक उंच, तुटक झटका, पुन्हा पुन्हा. साथीदार म्हणाला, “हॅट! हे खोटं हाय. खरी माझ्याकडं हाय.” त्यानं गुणगुणली. मधे एकदम संथ, लांबवलेली, खाली बसत जाणारी. “हे खोटं!” “तुझं खोटं!” दोघांची जुंपली. वय विसरून एकमेकांच्या बँडवर… अहो, एकाच बँडचे दोघं, तरी एकमेकांच्या बँडवर गेले. मेव्हण्यानं ती चाल शहराच्या पूर्व भागात एका विणकर घराच्या लग्नात चोरली होती, साथीदारानं उजनीकडच्या एका वस्तीवर.

घरी येताना मी विचार केला. म्हणजे मास्तरांनी मलाच नाही, सगळ्यांनाच फसवलं. मला जरा बरं वाटलं. मग पोरीचा चेहरा आठवला आणि बरं वाटणं गेलं. लग्न तोंडावर आलं होतं.

शेवटी बायकोच म्हणाली, “आपल्या पोरीच्या लग्नात मास्तरांनी वाजवलं न्हवतं व्हय? तिच्याकडं शूटिंग असंल की.” माझी पोरगी बार्शीला दिलेली. तिनं फोनवर पाठवलं. त्या पाठवणीला मी बापाच्या जागेवर होतो, हातात क्लॅरिनेट नव्हतं आणि कानात काही शिरत नव्हतं. मी ते कधी ऐकलंच नव्हतं म्हणायला हरकत नाही. फोन फळीला टेकवून मी ऐकू लागलो. लांब सूर आला, उतरला, मधला भाग सुरू झाला, आणि भाकरी थापत असलेली बायको पिठाच्या हातानं स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“परत लावा,” ती म्हणाली. मी लावलं. ती डोळे बारीक करून ऐकत राहिली. मग म्हणाली, “ही माझी हाक हाय.”

“कसली हाक?”

तिनं तिथंच उभं राहून मारून दाखवली. पोरगी लहान असताना खेळायला गेली की मारायची तशी. “अगं येऽऽ, आलीस का न्हाऽऽईस!” आधी चढ, मग लांबण, आणि शेवटी रागाचा एक छोटा हेल. आणि फोनमधून मास्तरांचा सॅक्सोफोन तीच हाक मारत होता. तोच चढ, तीच लांबण. फक्त शेवटचा राग काढून टाकला होता, आणि तिथं जे ठेवलं होतं ते ऐकून माझ्या बायकोनं पिठाचा हात तोंडावर धरला.

“त्या दिशी मास्तर पाणी प्यायला आत आले हुते,” ती म्हणाली. “मी तिला येणी घालायला सारख्या हाका मारत हुते. हे बसले हुते उंबऱ्यात.”

मी म्हटलं, योगायोग असेल. असा कसा विश्वास ठेवणार? दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला पत्ता विचारून पूर्व भागातल्या त्या विणकराच्या घरी गेलो. लग्नाची सुपारी आहे का विचारायचं निमित्त केलं. खाली यंत्रमागांचा खडखडाट, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. त्या नवरीची आई आता म्हातारी झालेली. तिला सुनेला बोलवायचं होतं. मागांच्या वर आवाज काढून ती ओरडली, “इक्कड रावेऽ!” तेलुगूत म्हणजे इकडे ये. उंच, तुटक झटका. आवाज त्या खडखडाटातून आरपार जावा म्हणून तसा झालेला. मेव्हण्यानं शिट्टीवर वाजवलं ते हेच. ह्याच आईनं ह्याच आवाजात पोरीला वाढवलं होतं, आणि मास्तरांनी पाठवणीला तिच्या कानात तेच घातलं होतं. त्या बाईनं मला विचारलं, “काय झालं? का रडता?” मी म्हटलं, धूळ. तिथं सुताची धूळ असतेच.

एकाचीही चाल खोटी नव्हती. सगळ्यांच्या खऱ्याच होत्या.

रस्त्यानं येताना मला मास्तरांचा इतका राग आला की ते समोर असते तर गचांडी धरली असती. सांगायला काय झालं होतं? तोंड नव्हतं? सॅक्सोफोन फुंकायला दम होता, दोन शब्द सांगायला नव्हता? घरी येऊन मी बायकोपुढं हेच बडबडलो. ती शांतपणे म्हणाली, “सांगितलं की. आज पोरगी येगळी हुती, म्हणले न्हवं का? ऐक, म्हणले न्हवं का? तुमालाच खरं वाटलं न्हाई, त्याला ते काय करतील?” मी जेवलो नाही त्या दिवशी.

आता मला चाल माहीत होती, म्हणजे ती कधीच ठरलेली नसते हे माहीत होतं. मधला गाभा मास्तरांच्या पोरीच्या घरातून आणायचा होता. लग्नाच्या सकाळी मी क्लॅरिनेट पिशवीत घालून त्यांच्या माडीवर गेलो आणि जन्मात पहिल्यांदा कुणाच्या दारात म्हणालो, “भाभी, पाणी मिळेल का?” उंबऱ्यात बसलो, डोळे मिटले. नातेवाइकांचा गलका, बांगड्या, मेंदी, कुणाची तरी चप्पल सापडेना. मी भाभींच्या हाकेची वाट बघत बसलो. पण भाभी हाकच मारीनात. पोरीकडं काही काम असलं की जवळ जाऊन खांद्याला हात लावायच्या. किती वेळ गेला. शेवटी मी विचारलंच. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी सरळ विचारलं. “भाभी, तुम्ही पोरीला हाक कशी मारता?”

त्या माझ्याकडं वळल्या. म्हणाल्या, “मैं कब पुकारी भाई? मेरा आवाज कहां निकलता? पुकारते तो वो थे.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती हाक माझ्याएवढी कुणी ऐकली होती? लग्न उरकून संध्याकाळी आम्ही दोघं चालत यायचो. बोळाच्या तोंडाशी आलं की मास्तर माडीकडं तोंड करून हाक द्यायचे, कारण जिन्याचं दार आतून लावलेलं असायचं. “बेटाऽऽ… दरवाज्जाऽ.” पहिला शब्द खालून वर चढत जाणारा, मग एक श्वास, मग दुसरा हळूच उतरणारा, दिवसभर फुंकून दमलेल्या माणसाचा. वरून ‘आयी’ म्हणजे ‘आले’ असं उत्तर यायचं, आणि पोरगी धडाधड जिना उतरून खाली. मी शेकडो वेळा ऐकलं आणि पुढं माझ्या घरी गेलो.

रुखसतीच्या वेळी कार्यालयाच्या फाटकाशी मी उभा राहिलो. लाल कोट घातला नव्हता, साधा पांढरा शर्ट. सासरचे ते मोठे काका गाडीच्या दाराशी उभे, नजर माझ्यावर. मी ओळखलं, हा मला मधेच थांबवणार. थांबव म्हणावं, बघतोच. पोरगी दोन बायकांच्या आधारानं हळूहळू येत होती, डोक्यावरून पदर पुढं ओढलेला, मान खाली. भाभी तिच्या पाठीवर हात ठेवून. पोरगी रडत नव्हती. सकाळपासून रडली नव्हती म्हणे, सगळ्यांना त्याचीच काळजी.

मी लांब सूर लावला. तो मला येत होता. मग उतरत आलो, तोवर पोरगी गाडीशी पोचली. काकांनी खरंच एक पाऊल पुढं टाकलं. मी डोळे मिटले आणि मास्तर जसे बोळाच्या तोंडाशी उभे राहायचे तसा उभा राहून क्लॅरिनेटमध्ये हाक मारली. खालून वर. एक श्वास. मग दमलेली, उतरणारी.

“आयी, अब्बा!”

ती ओरडली होती. पदराआडून, मोठ्यानं, माडीवरून खाली ऐकू जावं तेवढ्या मोठ्यानं. एक पाय गाडीत होता तो बाहेर आला. ती बायकांच्या हातातून सुटून दोन पावलं आवाजाकडं पळाली, पदर मागं पडला, चेहऱ्यावर हसू होतं. लहानपणी दार उघडताना असायचं तसंच.

तिथं मी होतो.

ते हसू जाताना मी पाहिलं. ती तिथल्या तिथं खाली बसली आणि इतके महिने थांबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. भाभी तिच्यावर ओणव्या झाल्या. काकांनी पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं. मी क्लॅरिनेट खाली घेतलं असतं तर तिला अब्बा पुन्हा एकदा गेले असते, म्हणून मी वाजवत राहिलो. तीच हाक, पुन्हा पुन्हा, ती उठून गाडीत बसेपर्यंत आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत.